मुख्याध्यापकांनी रोज वर्गात बसायचं, तर गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास कोण घेणार?

खडूफळा : मुंबईतल्या अनुदानित शाळांचे मुख्याध्यापक दिवसभर केबिनमध्ये सह्या ठोकत बसतात. वर्गात काय चाललंय ते त्यांना शिक्षकांच्या पाठाची आखणी असलेल्या टाचणवहीतून कळतं म्हणे! रोज एक तासिका मागच्या बाकावर बसा, शिक्षक आपोआप सुधारतील. इतकं सोपं आहे.

दुपार_सत्र : 'इतकं सोपं आहे' वाचून राहवलं नाही. मी स्वतः मुख्याध्यापक, म्हणून सविस्तर लिहितोय. तासिका 35 मिनिटांची, नंतर शिक्षकाशी बोलायला निदान 15. झाली 50. चोवीस शिक्षक, प्रत्येकाची महिन्यातून एक पाहणी, म्हणजे 1200 मिनिटं. कामाचे दिवस चोवीस धरले तर रोज 50 मिनिटं, एकही दिवस न चुकता. कागदावर झकास. आता सातची शाळा घ्या. 6.50 ला मस्टर उघडावं तर दोघं रजेवर, एक बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामाला, एक प्रशिक्षणाला आणि कसारा-विरारकडचे तिघं गाडीत अडकलेले. परिपाठ संपायच्या आत सात वर्गांची सोय लावायची. लिपिक एकच, तो यू-डायसच्या सरकारी माहितीत आणि शालार्थच्या पगारबिलांत बुडालेला. शिपायाची जागा रिकामी झाली की 2020 पासून कायम पद नाही, ठोक भत्ता. म्हणजे दाखला मागायला आलेल्या पालकाला बसवायलाही मुख्याध्यापकच.

आणि एवढं करून तास पाहिलाच, तर लॉगबुकात, म्हणजे पाहणीच्या शेऱ्यांच्या वहीत, काय उमटतं? 'फलकलेखन सुधारावे, विद्यार्थी सहभाग वाढवावा.' हे वाचून उद्या वर्गात नेमकं काय बदलायचं ते कोणाला कळणार?

मागचा_बाक : शेरा असा लिहिणं हा पाहणाऱ्याचा आळस, पाहणीचा दोष नाही. चोवीस जणांना एकच माप लावलंत तिथेच तुमचा हिशेब फसला. नव्या शिक्षण सेवकाकडे आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, जुन्याजाणत्यांकडे सत्रातून एकदा पुरे.

बसल्यावर मतं लिहायची नाहीत. शिक्षकाचा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उतरवायचा आणि पुढे उत्तर कुठल्या रांगेतून आलं ते. पंधरा मिनिटांत पान भरतं. त्यात बहुतेकदा हेच दिसतं : 'कळलं का?' दहा-बारा वेळा, त्यावर अख्ख्या वर्गाचं लांबलचक 'होऽऽ', आणि नावानिशी विचारलेली चार मुलं, चौघंही पहिल्या दोन रांगांतली. ते पान त्याच दिवशी शिक्षकासमोर ठेवायचं, भाषण नको. उद्यासाठी एकच बदल सांगायचा : प्रश्न आधी, मग तीन-चार सेकंद गप्प, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेला वर्ग सुटला. पुढच्या वेळी जायचं ते फक्त तेवढंच बघायला.

खडूफळा : मी हेच म्हणत होतो.

मागचा_बाक : नाही. तुम्ही 'आपोआप' म्हणालात.

रंगपेटी : मूळ विषय बाजूला राहू दे. 'सात वर्गांची सोय लावायची' म्हणे! कोणाच्या जिवावर? चित्रकलेच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्याच ना? गणिताचे सर आले नाहीत तर कलाशिक्षक वर्गावर. गणिताचे सर आले तर त्यांचा भाग राहिलाय म्हणून चित्रकलेचा तास त्यांना. दोन्हीकडून मार आम्हालाच. वर इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे निकाल लागले, दहावीला वाढीव गुण मिळाले की फलकावर अभिनंदन शाळेचं.

दुपार_सत्र : सात वर्ग बिनशिक्षकाचे सोडू का? दोन तुकड्या एकत्र करा म्हणणं सोपं आहे. साठ-साठ मुलं आणि खोलीत पंचवीस बाक. हॉलमध्ये बालवाडी भरलेली. खाली मैदान नाही, रस्ता आहे.

रंगपेटी : सोडा कोणी म्हटलं? जूनचं वेळापत्रक बसवतानाच प्रत्येक तासिकेला दोन राखीव शिक्षक छापून टाका, सगळ्या विषयांचे, विज्ञान-गणितवालेसुद्धा. एकाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त ऑफ तास नाहीत. कोणाचे किती झाले ते स्टाफरूमच्या फळ्यावर, दर सोमवारी. वही केबिनच्या कपाटात राहिली की मर्जीतली नावं गळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि प्रत्येक इयत्तेचे तीन विषयांचे कामाचे कागद आधीच काढून ठेवा. नुसतं 'गप्प बसा' म्हणत उभं राहण्याला तास म्हणत नाहीत.

दुपार_सत्र : राखीव जोडी पहिल्या तासाला ठेवली आणि तीच बदलापूरच्या गाडीत असली तर?

रंगपेटी : तर पहिल्या दोन तासांना जवळ राहणारे ठेवा! एवढं तरी डोकं चालवा, की त्यालाही परिपत्रक हवं?

दुपार_सत्र : भाषा सांभाळा.

कलम_27 : मधेच बोलतो. बीएलओचं काम बेकायदेशीर असल्याची हाकाटी इथेही सुरू होईल, त्याआधीच : शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं वगळूनच बंदी घालतं. मतदारयादी निवडणुकीतच मोडते. भांडायचं तर यावर भांडा, की एकाच शाळेतून चौघांना का उचलता? आदेश आल्याबरोबर तासिकांचा तक्ता जोडून लेखी पत्र द्या. तोंडी विनवण्यांना कोणी विचारत नाही.

मागचा_बाक : ऑफ तासांपायी खरी अडचण राहूनच गेली. जो वर्गात मदत करायला येतो, तोच वर्षअखेरीस गोपनीय अहवाल लिहितो. त्याच्यासमोर कोण म्हणेल, 'मला अपूर्णांक शिकवायला जमत नाहीत'? पाहणीच्या दिवशी ठेवणीतला पाठ बाहेर निघतो, तोच, तक्त्यासकट. म्हणून मदतीची पाहणी पर्यवेक्षकांनी किंवा त्याच विषयाच्या जुन्या शिक्षकाने करावी आणि ते पान शिक्षकाकडेच राहावं. लॉगबुकाची पाहणी वेगळी, तारीख सांगून.

खडूफळा : म्हणजे मुख्याध्यापक पुन्हा केबिनमध्येच!

मागचा_बाक : नाही. जुना शिक्षक दुसऱ्याच्या वर्गात बसला, की त्याच्या वर्गावर मुख्याध्यापकांनी जायचं. आठवड्यातून एक तासिका.

दुपार_सत्र : बरं बाबा, एवढं मान्य. शिकवायला जायचं तर आनंदाने जाईन, मागे बसून मुंडी हलवण्यापेक्षा ते बरं. फक्त ती तासिका मधल्या सुट्टीनंतरची द्या. सकाळी पहिल्या दोन तासांत मला काही सांगू नका.

रंगपेटी : आणि ती चित्रकलेच्या तासातून कापायची नाही.