चाळीस तासांच्या हिशोबाबद्दल
ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला इंदूरात आठवड्याला ४० तास थेरपी मिळत नाही म्हणून बिऱ्हाड पुण्याला हलवा, हा या चर्चेत कुणीतरी दिलेला सल्ला मला पटला नाही. लवकर सुरुवात करा, हे मात्र शंभर टक्के खरं. ४० तासांचा आकडा येतो मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासातून. त्यात ती ४० तासांची थेरपी मिळालेली मुलं होती १९, आणि कुठलं मूल कोणत्या गटात घालायचं, हेही चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्याला आता किती वर्षं झाली!

आईवडिलांमार्फत मुलाचा संवाद वाढवायच्या ‘पास’ पद्धतीची गोवा आणि रावळपिंडीत चाचणी झाली (२०१६), तिचा इथे कुणी उल्लेखच केला नाही. ६५ मुलं, तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते, आणि सहा महिन्यांत आईवडिलांबरोबर साधारण १२ बैठका. मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण त्यात वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही, पण आपल्याकडच्या कुटुंबांबरोबर झालेलं काम आहे.

माझ्या भाच्याकडे हेच चाललंय. पोह्यांवर सेव त्याला हवीच. पूर्वी ताई न मागता घालायची. आता झाकण लावलेला डबा हातात धरून थांबते. आधी तो डबा ओढायचा, मग तिच्याकडे बघून डबा पुढे करायला लागला, हल्ली ‘शे’ म्हणतो. (आजी अजून गुपचूप घालते, त्याला इलाज नाही.) सेंटर बघायला जाल तेव्हा तासांचा भाव विचारण्याआधी आईला आत बसू देतात का, ते विचारा.