गरोदरपणाची नोंद हीच पात्रता का मानू नये?

मूळ मांडणी : शिक्षिका, शहादा

गरीब घरातील गरोदर बाईसाठी आपल्याकडे योजनांची वाण नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6000 रुपये एकरकमी मिळतात. गुंतागुंत झाल्यास महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे. परंतु या शेवटच्या दोन योजनांपर्यंत पोहोचताना आमच्याकडच्या बायका कागदांत अडकतात, आणि हे अडकणे नेमके कसे असते ते मला नीट सांगायचे आहे.

लग्न होऊन वर्ष उलटलेले असते, तरी मुलीचे नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी झालेले नसते आणि त्यामुळे सासरच्या कार्डात चढत नाही. आधारवर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव असते, माता-बाल संरक्षण कार्डावर सिस्टरने नवऱ्याचे नाव लिहिलेले असते आणि पासबुकावर नुसतेच ‘बाई’ जोडलेले तिसरे नाव असते. तालुक्याच्या पुरवठा शाखेत जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून निघणाऱ्या बाईला त्या कामासाठी एक दिवस कधीच पुरत नाही. मधल्या काळात दिवाळी होते आणि कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत निघून जाते.

माझे म्हणणे असे की उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने तपासून केलेली नोंद हाच पात्रतेचा पुरेसा पुरावा मानावा, लाभ त्याच दिवशी सुरू करावा आणि कागद बाळंतपणापर्यंत मागाहून घ्यावेत. अमेरिकेत मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यात 1986 च्या कायद्याने राज्यांना अशीच मुभा दिली. गरोदर बाईने तोंडी सांगितलेल्या उत्पन्नावरून तिला तात्पुरते पात्र धरतात, तिची तपासणी लगेच सुरू होते आणि पूर्ण अर्ज नंतर भरला जातो. तेथे जे चालते, ते येथे का चालू नये?

प्रतिसाद : निवृत्त लेखा कर्मचारी, धुळे

ताई, आपला कळवळा खरा आहे, पण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. मेडिकेडमधील ती मुभा उपचारांसाठी आहे. सरकार पैसे डॉक्टरला देते, बाईच्या हातात रोख रक्कम जात नाही. खोटी नोंद करून कोणी फुकटची रक्ततपासणी करून घेणार नाही, मात्र 3000 रुपयांच्या पहिल्या हप्त्यासाठी एकाच बाईचे नाव माहेरी आणि सासरी दोन्हीकडे घालणारे दलाल उभे राहतील. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत पाहता अशी दुहेरी नोंद कोणाच्या मनात खोट नसतानाही होऊ शकते. आधारच्या अटीमुळे निदान एवढे झाले की रक्कम बाईच्या स्वतःच्या खात्यात येते आणि घरातील कर्त्याला ती परस्पर उचलता येत नाही. ही अट सैल झाली, तर पहिले नुकसान तिचेच होईल.

प्रतिसाद : आशा स्वयंसेविका, चोपडा तालुका

दादा, रक्कम बाईच्या खात्यात येते असे आपण म्हणता, पण ती कोणत्या खात्यात येते हे बाईलाच ठाऊक नसते. आधारला जे खाते शेवटी जोडले गेले, त्यात पैसे पडतात. आमच्या पाड्यावरील एका पावरा आदिवासी मुलीने बँकेच्या शाखेत पुन्हा पुन्हा जाऊन पासबुक भरून घेतले, त्यात काहीच दिसले नाही. शेवटी कळले की सिमकार्ड घेताना दुकानदाराने थंब घेऊन तिचे दुसरेच खाते उघडले होते आणि हप्ता तेथे जमा झाला होता. तोवर बाळ रांगू लागले होते. हा पैसा गरोदरपणात दूध, डाळ, अंडी खाण्यासाठी आणि शेवटच्या महिन्यांत केळीच्या बागेतले काम थांबवता यावे यासाठी आहे. वेळ टळल्यावर तो मिळाला तर त्याचा हेतूच उरत नाही.

शिवाय आम्ही घरोघर फिरतो. कोणाला दिवस गेले आणि कोण माहेरी गेली हे आम्हाला माहीत असते, मग आमची आणि सिस्टरची सही पुरावा म्हणून का चालू नये?

प्रतिसाद : वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार जिल्हा

मला दोन्ही बाजूंचा भर चुकीच्या ठिकाणी वाटतो. कागद उद्या माफ केले, तरी सोनोग्राफीसाठी बाईला दूर जावेच लागेल आणि रात्री सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ शोधावाच लागेल. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. तेथे तीव्र रक्तक्षय सापडलेल्या बाईचा पाठपुरावा करायचा, तर तो फॉर्म भरण्यात गुंतलेल्या सेविकेनेच करायचा असतो. तिच्या हातातील कागद कमी करावेत याला माझा पाठिंबा आहे, पण तो एवढ्याच कारणासाठी.

मूळ लेखिका :

डॉक्टरसाहेब, आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र तज्ज्ञ येईपर्यंत कागद तसेच ठेवावेत असे त्यातून निघत नाही. धुळ्याच्या दादांचा दुहेरी नोंदीचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून मी माझी मागणी आखडती घेते. पहिला हप्ता आरोग्यसेविकेच्या नोंदीवर द्यावा आणि दुसरा, म्हणजे 2000 रुपयांचा हप्ता, आधारची जुळणी झाल्यावरच द्यावा. जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्याखेरीज तो आजही मिळत नाही, त्यामुळे जुळणीला पुरेसा अवधी राहतो. जनआरोग्य योजनेसाठी माहेरचे किंवा सासरचे, यांपैकी कोणतेही रेशनकार्ड गरोदर बाईला चालावे, मग तिचे नाव त्यावर असो वा नसो. 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ही योजना खुली झाली आहे. उत्पन्नाची चाळणीच उरली नसताना नाव या कार्डावर की त्या कार्डावर, एवढ्यावरून बाईला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद : निवृत्त लेखा कर्मचारी, धुळे

रेशनकार्डाबाबत मी आपल्याशी सहमत आहे. हप्त्याबाबत एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. नोंद दुहेरी निघाली, तर लेखापरीक्षणात वसुली कोणाकडून होईल? आज तरी ती सही करणाऱ्या आशाताईच्या किंवा सिस्टरच्या मानेवर येईल. सद्भावनेने केलेल्या नोंदीबद्दल त्यांच्याकडून वसुली होणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहिले जाणार असेल, तर माझा विरोध मी मागे घेतो.