रुग्णालयात ठेवलेल्या भावाच्या वतीने वकील काय करू शकतो?

रानजाई:
माझ्या धाकट्या भावाला वडिलांच्या अर्जावरून, त्याच्या संमतीशिवाय, एका खाजगी मनोरुग्णालयात दाखल केले आहे. घरी राहून औषधे घेण्याची आपली तयारी आहे, असे त्याने मला फोनवर स्पष्टपणे सांगितले. वकिलांना त्याची भेट घेता येईल का, असे विचारल्यावर रुग्णालयाच्या कार्यालयाने सांगितले की रुग्णाची सही ग्राह्य धरली जात नसल्यामुळे त्याचे वकीलपत्र होऊ शकत नाही, आणि जे बोलायचे ते वडिलांनी बोलावे. हे कायद्याला धरून आहे काय? शिवाय वकील मिळालाच, तर त्याने ऐकायचे कोणाचे: भावाचे, वडिलांचे की डॉक्टरांचे?

वकीलकट्टा:
कार्यालयाचे उत्तर चुकीचे आहे. सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याखेरीज, केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणालाही विकल मनाचा मानता येत नाही, हे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 3 मध्येच लिहिलेले आहे. कलम 27 प्रमाणे रुग्णाला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे आणि तो हक्क असल्याचे रुग्णाला सांगणे हे उपचारगृहाच्या प्रभारी डॉक्टरांचेच कर्तव्य आहे. तुमच्या बाबतीत नेमके त्याच्या उलट घडलेले दिसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मनोरुग्णालयात असलेल्या व्यक्तीला तेथे उत्पन्नाची अट लागू होत नाही.

वकील आधी दाखल्याचे, म्हणजे रुग्णाला दाखल करून घेतल्याचे, कागद मागवेल. कलम 89 खाली असा दाखला तीस दिवसांपुरताच असतो, आणि दाखल केल्याच्या दिवशी किंवा त्यापूर्वीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासून, तो स्वतःला किंवा इतरांना इजा करू पाहत होता किंवा स्वतःची काळजी घेण्यास धोकादायक इतका असमर्थ होता, असा निष्कर्ष काढलेला असावा लागतो. पुरुष रुग्णाच्या दाखल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावी लागते. स्त्रिया व अल्पवयीनांसाठी ही मुदत तीन दिवसांची आहे. दाखल्याला आव्हान देणारा अर्ज मंडळाने सात दिवसांत निकाली काढायचा असतो, त्याला शुल्क नसते, आणि निर्णय मान्य नसल्यास उच्च न्यायालयात अपील करता येते.

वकिलाचा पक्षकार तुमचा भाऊ आहे, फी कोणीही भरो. भावाचे हित कशात आहे, हे ठरवण्यासाठी मंडळावर न्यायाधीशही आहेत आणि मनोविकारतज्ज्ञही. भावाचे म्हणणे मात्र वकिलाने मांडले नाही तर मंडळापुढच्या सुनावणीत ते दुसरे कोणीही मांडणार नाही.

मनोविकारतज्ज्ञ:
वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. परंतु तीव्र भ्रमाच्या अवस्थेतील रुग्ण आज एक सांगतो आणि औषधांचा परिणाम दिसू लागल्यावर दुसरेच सांगतो, हे वकिलांनी ध्यानात घ्यावे व एकाच भेटीवर विसंबू नये. सुटका हीच एकमेव मागणी असू शकते, असेही नाही. रुग्णाला फोन करू न देणे, वैद्यकीय नोंदी नाकारणे, एकांतात डांबणे किंवा भूल न देता विजेचे झटके देणे (हे तर कायद्याने सर्वस्वी निषिद्ध आहे), या तक्रारीही मंडळापुढे नेता येतात, आणि त्यांकडे वकिलांचे फारसे लक्ष जात नाही, असे मला वाटते.

पांथस्थ:
ज्यांच्यासाठी प्रश्न विचारायला बहीणही नाही, त्यांचे काय? पत्रकार व सामाजिक कार्यकर्त्या शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य ठरवले. ते कैदी स्वतः न्यायालयापर्यंत कधीच पोहोचले नसते. घरच्यांनी टाकलेल्या रुग्णाला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा म्हणून शासनाने विधी साहाय्यासह मदत करावी, असे 2017 च्या कायद्याचे कलम 19 सांगते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांत प्राधिकरणाचे वकील या कलमासाठी नियमित बसले, तर मंडळाकडे येणाऱ्या अर्जांचे स्वरूपच बदलेल.

रानजाई:
सर्वांचे आभार. उद्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जाते. वडील भावाचे प्रतिनिधी (कायद्याने त्याच्या वतीने बोलणारी व्यक्ती) असताना मला काही अधिकार मिळू शकतो काय?

वकीलकट्टा:
मिळू शकतो. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असावा, हे सज्ञान व्यक्ती कलम 14 प्रमाणे स्वतः ठरवू शकते. वडिलांचा क्रम नातेवाईक म्हणून त्यानंतर लागतो. त्यासाठी साध्या कागदावर भावाने तुमचे नाव लिहून सही किंवा अंगठा करणे पुरेसे आहे, मात्र तुमची संमतीही लेखी जोडावी. रुग्णालयाने तो कागद घेण्याचे नाकारले, तर नकार लेखी मागा आणि मंडळाकडील अर्जाला तो जोडा.