मदत हवी आहे: घरगुती साबण मुरण्याचा काळ कमी करता येईल का?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसाठी घरी केलेल्या साबणाच्या वड्या निपाणीला आक्काकडे पाठवाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र हाताशी जेमतेम चार आठवडे उरले आहेत आणि आमच्याकडचा पाऊस अजून हटलेला नाही.

श्रावणात केलेल्या पहिल्या घाण्यात खोबरेल २०० ग्रॅम, शेंगतेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम आणि पाणी १९० ग्रॅम घेतले होते. सुमारे ५ टक्के तेल सोड्याशी न जुळता उरावे, असा हिशेब त्यात धरला होता. भांडे स्टीलचे होते, आणि सोडाच पाण्यात थोडा थोडा घातला, सोड्यावर पाणी ओतले नाही. तरीही सहा आठवड्यांनंतर वडीवर बोटाचा ठसा उमटतो आणि पावसाच्या दिवशी तिच्यावर घामासारखे थेंब जमतात. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते, हे कारण मला पटते; पण मऊपणाचा दोष शेंगतेलाकडेही जातो, असे वाटते.

सोड्याची आणि तेलाची क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतेक पुरी होते आणि पुढचे चार ते सहा आठवडे पाणी उडून वडी कठीण व सौम्य होण्यासाठी लागतात, हे मी वाचले आहे. म्हणून पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे १४६ ग्रॅमच घेतले, तर किती दिवस वाचतील? खोबरेल ३०० आणि शेंगतेल १५० ग्रॅम केल्यास सोडा ७८ ग्रॅमच्या आसपास लागतो, असा माझा हिशेब आहे. तो कृपया कुणीतरी तपासून द्यावा. खोबरेल वाढवल्यास त्वचा कोरडी पडेल, ही धास्तीही आहेच.

मंद आचेवर शिजवण्याची पद्धत ज्यांनी वापरली आहे, त्यांनी आपला अनुभव अवश्य सांगावा, कारण शिजवल्याने सोडा लगेच संपला तरी पाणी आत राहतेच. सासूबाई चुलीवरच्या माळ्यावर वड्या ठेवायला सांगतात, पण धुराचा वास लागेल का?

आक्काचा नातू दीड वर्षाचा आहे. त्यामुळे कच्चा साबण पाठवण्यापेक्षा यंदा न पाठवणे मी पत्करेन. दर रविवारी मी वड्यांचे वजन करते. सलग दोन आठवडे ते बदलले नाही, तर वडी मुरली असे आमच्या दमट हवेत धरता येईल का?