पुढचे पार्किंग सेन्सर नेमके कुठे बसवायचे?

स्टिल्टवाला_ठाणे
आमची २०२१ची हॅचबॅक. मागचे सेन्सर कंपनीचेच आहेत, पुढे काही नाही. सोसायटीत आमच्या जागेला लागून उजव्या हाताला भलामोठा कॉलम आहे. गाडी बहुतेक बाबाच चालवतात आणि हल्ली त्यांना मान वळवायला त्रास होतो. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, "दोन पुरे, नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूंना लावून देतो." मला पटत नाहीये. मधे लावून फायदा काय? आणि किती उंचीवर लावायचे?

मुकादम
पैसे वाचवा. समोर काच आहे, डोळे आहेत. सरकारनेही १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना मागचेच सेन्सर सक्तीचे केलेत.

वायरिंगवाला_सातारा
मुकादमसाहेब, काचेतून बॉनेट दिसतं, बंपर कुठं दिसतो? पण ते सोडा.

ठाणेकर, गाडी नाक आत घालून लावता ना? मग बाहेर काढताना बघा. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग डावीकडं फुल्ल मारलं की मागची बाजू डावीकडं जाते आणि नाक उजवीकडं फिरतं, थेट तुमच्या कॉलमवर. त्या वेळी बाबांचं लक्ष कुठं? मागं! गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे घासलेले कोपरे येतात ते बहुतेक असेच, पुढं जाताना नाही. म्हणून पुढचे सेन्सर खरे लागतात ते गाडी मागं घेताना. नुसते मधले दोन लावले तर भिंतीपुरतं काम होईल, कॉलम त्यांना दिसायचाच नाही. चार घ्या. दोन अगदी कोपऱ्याच्या वळणावर, तोंड जरा बाहेर. दोन मधे, पण प्लेटला चिकटून नको. प्लेटची कड पुढं आलेली असली की तिचाच प्रतिध्वनी परत येतो आणि मोकळ्या रस्त्यावरही टीटी सुरू.

उंची जमिनीपासून ५० ते ६० सेंटिमीटर. हॅचबॅकचा बंपर खाली असतो, ४५वर लावावे लागले तर तोंड किंचित वर ठेवा, नाहीतर रस्त्यालाच अडथळा समजतो. सेन्सरवर बाण असतो तो वरच हवा, कारण लहरींचा झोत आडवा रुंद आणि उभा अरुंद असतो. सेन्सर फिरवून बसवला की सगळं उलटं. जाळीत बसवू देऊ नका, तिथं धड पकड मिळत नाही आणि मागं रेडिएटरची गरमी. भोक पाडायच्या आधी बंपर काढायला लावा, मागं लोखंडी पट्टी असते.

आणि किट घेताना एकच प्रश्न विचारा : रिव्हर्स टाकल्यावर पुढचे चालू राहतात का? काही किटमध्ये पुढचे फक्त ब्रेक दाबल्यावर जागे होतात. बाबांना ते उपयोगाचं नाही.

स्टिल्टवाला_ठाणे
हे डोक्यातच आलं नव्हतं. कॉलम उजवीकडेच आहे आणि आम्ही नाक आत घालूनच लावतो. सेन्सर बंपरच्या रंगाचे करून घेतले तर चालेल? गेटवर साखळी असते, ती कळेल का?

वायरिंगवाला_सातारा
रंग चालतो, पण पातळ एकच हात. आतली चकती थरथरून ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि परत आलेला ऐकते. एक मीटरवरून परत यायला जेमतेम ६ मिलिसेकंद. जाड थर दिला की चकती दबते.

साखळीवर भरवसा नको. साखळी, दोरी, बारीक गज, फूटपाथची बुटकी कड, हे सगळं निसटतं. कॉलम मात्र सोडत नाही.

सिग्नलग्रस्त
बंद करायचं बटण घ्याच! पुण्यात सिग्नलला दोन बाइकवाले पुढे येऊन थांबले की गाडी बोंबलत बसते. शेजारी एसटीने एअर ब्रेकची फुस्स केली तरी कधी कधी वाजतो.

स्टिल्टवाला_ठाणे
बाबा म्हणतात, त्यापेक्षा पुढे गार्डच बसवू.

वायरिंगवाला_सातारा
काकांना सांगा, क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच कारवाई करायला सांगितलंय, दंड होतो. शिवाय गार्ड सेन्सरच्या तोंडासमोरच येतो, मग सेन्सर दिवसभर गार्डच मोजत बसणार.