शब्दचर्चा : ट्रंक, स्टेबल ब्रँच आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’

कोथरूडहून विचारणा

हिशेबाच्या एका मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते आहे. डाउनलोडच्या पानावर दोन दुवे आहेत, एक ‘स्टेबल ब्रँच’चा (वापरायला काढलेली, फक्त दुरुस्त्या घेणारी प्रत), एक ‘ट्रंक’चा (जिच्यावर नवं काम चालू आहे ती प्रत). आधी कोणीतरी त्यांचं ‘स्थिर शाखा’ आणि ‘मुख्य शाखा’ करून ठेवलंय. त्यामुळे होतं काय, की मराठी पान वाचणारे बिनदिक्कत ‘मुख्य’ उतरवून घेतात. मुख्य म्हटल्यावर माणूस तेच घेणार ना! ओळखीच्या एका पतसंस्थेत ऐन मार्चअखेरीला ताळेबंद उघडेना, कारण त्या भागाचं काम ट्रंकवर अर्धवट पडलेलं होतं. ‘स्थिर’बद्दलही तक्रार आहेच. काहींना वाटतं स्थिर म्हणजे काम थांबलेलं, बेवारस. दोन्हींना काय म्हणावं? ट्रंक तसाच ठेवावा तर आईच्या पिढीला पलंगाखालची पत्र्याची पेटी आठवते.

हिंजवडीहून

ताई, आधी वापर सांगतो. ऑफिसात दिवसभर कानावर पडतं ते असं : ‘ट्रंकवर टाकलंय, ब्रँचला अजून गेलं नाही.’ ‘सोमवारी ब्रँच कट होणार’, म्हणजे ट्रंकपासून वेगळी काढणार. ‘फ्रीझ लागलाय, आता फक्त बगफिक्स.’ यात मराठी शब्द शोधायला कोणी थांबत नाही.

ट्रंक हा शब्द रुळला तो मुख्यतः सबव्हर्जनमुळे, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमुळे. तिथे ट्रंक, ब्रँचेस आणि टॅग्ज अशी तीन फोल्डरं करायची पद्धत आहे. सबव्हर्जनला स्वतःला त्या नावांशी काही देणंघेणं नाही, निव्वळ रूढी. गिट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच आधी मास्टर होतं, आता बऱ्याच ठिकाणी मेन. लिनक्स कर्नलवाले (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेनलाइन म्हणतात, फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाले करंट. नवं काम सगळ्यात आधी येऊन पडतं ती जागा, एवढाच अर्थ. तेव्हा ‘मुख्य’ चूक नाही, पण ते कोड लिहिणाऱ्याचं मुख्य. वापरणाऱ्याचं मुख्य म्हणजे स्टेबल.

नारायण पेठेतून

मी मराठी शिकवत असे, संगणकातलं मला बेताचंच कळतं. शब्दापुरतं बोलतो. झाडावरून घ्यायचं तर खोड आणि फांदी. पण ‘दुरुस्ती आधी खोडावर करा’ असं लिहिलंत तर वाचणारा कोणाची तरी खोड मोडायला निघेल. बुंधा त्यातल्या त्यात बरा. मात्र फांदीला पालवी फुटते, ती वाढते. तुमची ती स्टेबल ब्रँच मुद्दाम वाढू दिली जात नाही असं दिसतं. ‘फाटा’ही मनात आला होता. पण नाशिक फाट्याला वळलेल्या गाडीने मुंबई रस्त्याचं काही ऐकावं असं बंधन नसतं.

‘शाखा’च ठेवा. बँकेची असो, संघाची असो, शाखा म्हटलं की वर कोणीतरी आहे हे न सांगता कळतं. आणि पुणेकरांना ती नसल्याचाच अभिमान : ‘आमची कोठेही शाखा नाही’.

हिंजवडीहून

सर, ही पाटी शोभेल असे प्रकल्पही आहेत. आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका वितरणाला स्थिर शाखा नाहीच. नवं येईल तसं सगळ्यांना मिळतं. त्याला रोलिंग म्हणतात.

पाषाणहून

सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावते.

घोळ ‘शाखा’ शब्दात नाही, ‘स्थिर’मध्ये आहे. सगळे त्याचा अर्थ ‘न कोसळणारं’ असा घेतात. त्याचा खरा अर्थ ‘न बदलणारं’ असा आहे. फ्रीबीएसडीत तर स्टेबल नावाच्या शाखेवरही कामच चालू असतं आणि रोजच्या वापरासाठी त्याहून वेगळं रिलीज काढतात. स्टेबलचं वचन इतकंच, की त्या मालिकेवर बांधलेला प्रोग्राम त्याच मालिकेच्या पुढच्या आवृत्तीवरही चालेल. नवा बदल आधी करंटमध्ये जातो. तिथल्या कमिटखाली (कमिट म्हणजे नोंदवलेला एक बदल) ‘एमएफसी आफ्टर : १ वीक’ अशी ओळ दिसते (एमएफसी म्हणजे ‘मर्ज फ्रॉम करंट’), म्हणजे आठवडाभर इथे मुरू द्या, काही बोंब झाली नाही तर स्टेबलला न्या.

डेबियन या लिनक्सच्या वितरणाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे एकदा स्टेबल जाहीर झालं की पॅकेजची आवृत्ती सहसा हलत नाही. सुरक्षेची भोकं बुजवायची, पण जुन्याच आवृत्तीत. डेबियन ११ मधल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजचा आकडा १.१.१एन असा दिसायचा आणि मागे शेपूट ‘डेब११यू५’, म्हणजे डेबियन ११ साठीची पाचवी सुधारणा. ऑडिटवाले शेपूट वाचत नाहीत. ‘१.१.१एन जुनं आहे, धोकादायक आहे’ असा शेरा मारून मोकळे होतात. मग आम्ही बसतो एकेक भोक कुठल्या सुधारणेत बुजलं त्याचा तक्ता करत. तुमच्या पतसंस्थेतल्या लोकांचं आणि या ऑडिटरांचं दुखणं एकच, आकडा मोठा तेवढा माल चांगला.

आता सरांच्या ‘वर कोणीतरी आहे’बद्दल. कर्नलमध्ये पूर्वी सम-विषमाचा खेळ होता. २.४ स्थिर, २.५ प्रयोगाचं, मग डिसेंबर २००३ मध्ये २.६ स्थिर. मधली वर्षं नव्या हार्डवेअरसाठी लोक ताटकळायचे आणि रेड हॅटसारखे वितरक २.५ मधलं हवं ते स्वतःच मागे २.४ मध्ये शिवून घ्यायचे. ज्याचं त्याचं २.४ वेगळं. २.६ नंतर विषम मालिका बंद झाली. मार्च २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी २.६.११.१ काढून आजची स्टेबलची पद्धत सुरू केली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. दुरुस्ती आधी मेनलाइनमध्ये गेलेली हवी. आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत हवी. खऱ्या त्रासावरचा उपाय हवा. नुसतं स्पेलिंग सुधारलंय, मोकळ्या जागा नीट केल्यात, असलं काही चालत नाही (इथल्या मंडळींना झोंबेल). स्टेबलमधलं कुठलंही कमिट उघडा, वरती बहुधा मेनलाइनमधल्या मूळ कमिटचा लांबलचक आकडा आणि पुढे ‘अपस्ट्रीम’ शब्द असतो. हे वरून आलंय याची ती सही.

हा नियम नसता तर काय झालं असतं? घाईत दुरुस्ती फक्त शाखेवर केली आणि मेनलाइनला सांगायचं राहिलं, की पुढची मोठी आवृत्ती घेतल्या दिवशी तोच बग परत हजर. म्हणून शाखा हाच शब्द, त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

कोथरूडहून

छान उलगडलंत. पण ‘स्थिर म्हणजे काम थांबलेलं’ हा समज कसा घालवायचा?

पाषाणहून

मुदत लिहा. पोस्टग्रेस या डेटाबेसवाले दर मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं सांभाळतात आणि ठरल्याप्रमाणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरला दुरुस्त्या काढतात. एकच बग पाच-सहा शाखांत असेल तर तेवढ्या ठिकाणी कमिट पडतं. याला थांबलेलं कोण म्हणेल? ‘स्थिर आवृत्ती’ आणि खाली बारीक अक्षरात ‘दुरुस्त्या अमुक महिन्यापर्यंत मिळतील’. वाचणाऱ्याला शाखेशी काय करायचंय, त्याला आवृत्ती सांगा. शाखा तुमच्या विकासकांच्या पानावर असू दे.

नारायण पेठेतून

मान्य. आणि ‘मुख्य’च्या जागी ‘चालू’? फ्रीबीएसडीच्या करंटवरून सुचलं. चालू खातं, चालू वर्ष आपल्याला परके नाहीत.

हिंजवडीहून

सर, ‘चालू आवृत्ती’ म्हटलं तर लोकांना तीच ताजी आणि चांगली वाटेल, पुन्हा तेच. आणि चालू माणूस कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. ‘चालू काम’ मात्र चालेल. रस्त्यावर ‘काम चालू आहे’ दिसलं की पुणेकर आपोआप दुसरा रस्ता धरतो.

कोथरूडहून

मग असं करते. डाउनलोडच्या पानावर ‘स्थिर आवृत्ती (रोजच्या वापरासाठी)’ आणि ‘चालू काम (फक्त तपासणाऱ्यांसाठी)’, स्थिरच्या खाली मुदत. विकासकांच्या पानावर ट्रंक आणि ‘स्थिर शाखा’. ‘मुख्य’ दोन्हीकडून काढते. मूळ इंग्रजी वाक्यंही बदलायला सुचवेन, पण ती ट्रंकमध्येच. ग्नोमसारख्या (लिनक्सवरचा डेस्कटॉप) प्रकल्पांत प्रकाशनाआधी मजकूर गोठवतात आणि स्थिर शाखेतलं एखादं वाक्य बदलायलासुद्धा भाषांतराच्या गटाची परवानगी लागते. आमच्याकडे हा नियम नाही, म्हणून ऐन वेळी वाक्यं बदलतात आणि मराठी पानावर मधेच इंग्रजी उगवतं. ते ‘फ्रीझ’ला मी सरळ ‘मजकूर गोठवणे’ म्हणते. एका शाखेवरचं एखादंच कमिट उचलून दुसरीवर घेतात त्या चेरीपिकला काय म्हणता? आधीच्या माणसाने ‘फळवेचणी’ केलंय.

हिंजवडीहून

फळवेचणी नको हो ताई. ‘ट्रंकवरचं हे कमिट शाखेवर घ्या’ असं वाक्यच लिहा. आणि जिथे कमांडचं नाव म्हणून येतं तिथे चेरीपिक तसंच, ती टाइपच करायची असते.