हिवताप एकदा झाला की अंगात ताकद येते का? अँटिबॉडीचा खरंच किती उपयोग?

लॅबवाली_राजारामपुरी
काल लॅबमध्ये एक काका आले, सोबत बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. पोराला गणपतीत मलेरिया झाला होता, आता फेब्रुवारीत परत हुडहुडी भरून ताप. काका म्हणाले ताई ह्याची अँटिबॉडी टेस्ट करा, एकदा होऊन गेलाय म्हणजे परत मलेरिया नसणारच. मी बोटातून थेंब घेतला, काच रंगवली, बघितलं तर व्हायवॅक्सच, म्हणजे मलेरियाच्या जंतूचा एक प्रकार. फुगलेली तांबडी पेशी, आत निळी कडी आणि कडीवर लाल टिंब. अँटिबॉडी टेस्ट केली असती तर गणपतीतल्या दुखण्यामुळंही पॉझिटिव्ह आली असती, आत्ताचा ताप कसला ते त्यावरून कळलं नसतं. रॅपिड किटसुद्धा जंतूचं प्रथिन शोधतं, अँटिबॉडी नाही.
पण काका गेल्यावर आमच्या लॅबमधले एकजण म्हणाले की मलेरियात अँटिबॉडी काहीच कामाची नसते. ते मला अजिबात पटलेलं नाही. माझ्या मते मलेरियापासून माणसाला वाचवण्यात तिचा वाटा सगळ्यात मोठा आहे. तुमचं मत सांगा.

मंगळवारपेठकर
ताई, मला तुमच्या लॅबवाल्यांचं पटतंय बगा. मी बांधकाम साइटवर असतोय, आमच्याकडं ओडिशाची पोरं कामाला हायती, त्यातल्या एकाला गावाकडं लहानपणापास्नं चार-पाच वेळा मलेरिया झालाय म्हणे. ताकद आली असती तर एवढ्या वेळा कशाला झाला असता? कांजिण्या एकदा झाल्या की बहुतेकांना परत होत नाहीत, त्याला म्हणायचं इम्युनिटी.

लॅबवाली_राजारामपुरी
दादा, कांजिण्यांसारखी नसते, मान्य. पण १९६१ साली आफ्रिकेत गाम्बियात एक प्रयोग झाला, कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांचा. तिथल्या मोठ्या माणसांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात अँटिबॉडी असतात तो भाग, त्यांनी मलेरियानं आजारी असलेल्या लहान मुलांना टोचला. मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्यानं कमी झाले. इंग्लंडच्या लोकांचं गॅमा ग्लोब्युलिन दिलं तर काही फरक पडला नाही. म्हणजे जे काय काम करत होतं ते त्या अँटिबॉडीतच होतं ना?

पंचगंगा_काठ
ताई, मी मायक्रोबायोलॉजीला आहे, हा प्रयोग आम्हाला शिकवलाय आणि तो खराच आहे, पण त्यावरून सगळ्यात मोठा वाटा अँटिबॉडीचा असं म्हणणं घाईचं होतंय. अँटिबॉडीला वेळच किती मिळतो बघा. डास चावल्यावर स्पोरोझोइट, म्हणजे डासानं सोडलेले जंतू, अर्ध्या-एक तासात लिव्हरच्या पेशीत घुसतात, एकदा आत गेले की अँटिबॉडी बाहेरच. तिथं काम टी पेशींचं, म्हणजे जंतू शिरलेली पेशीच मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचं. नंतर लिव्हरमधून मेरोझोइट, म्हणजे तिथं वाढलेले नवे जंतू, बाहेर पडतात ते मिनिटाभरात तांबड्या पेशीत शिरतात. आणि फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाच्या जंतूचा दुसरा प्रकार, तर त्या पेशीच्या अंगावर जे प्रथिन चढवतो त्याचे साठेक जीन्स त्याच्याकडं असतात, एकाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली की तो दुसरं वापरतो. आरटीएस,एस ही मलेरियाची लस बघा, ती मुख्यतः अँटिबॉडीवरच चालते, आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीत चार डोस देऊन लहान मुलांतला मलेरिया चारेक वर्षांत ३६ टक्क्यांच्या आसपासच कमी झाला.

लॅबवाली_राजारामपुरी
तू जे सांगतोयस त्यातलंच माझ्या बाजूनं येतंय की. अँटिबॉडीचा त्याला त्रासच होत नसता तर साठ-साठ अंगरखे कशाला बाळगले असते? आणि १९९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांच्या अँटिबॉडी थायलंडच्या पेशंटना दिल्या, तिथंही जंतू कमी झाले. दोन खंडांतले जंतू वेगळे, तरी चाललं, म्हणजे सगळ्यांत सारखं असं काहीतरी ती अँटिबॉडी धरतेच. बाळंतपणाचं बघ. फाल्सिपॅरमच्या भागात पहिलटकरणीला मलेरियाचा धोका सगळ्यात जास्त, पुढच्या खेपांना कमी होत जातो, कारण वारेत चिकटणाऱ्या जंतूंविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. मालीतली अलीकडची चाचणीही आहे, नुसती तयार अँटिबॉडी शिरेतून मोठ्या डोसमध्ये दिली तर सहा महिन्यांच्या मोसमात लागण ८८ टक्क्यांनी कमी झाली. तिथं लस नाही, टी पेशींना शिकवणं नाही, फक्त अँटिबॉडी.

पंचगंगा_काठ
मालीचं मान्य, पण ती लॅबमध्ये बनवलेली आणि भरपूर प्रमाणात दिलेली. आपलं शरीर स्वतःहून तेवढी बनवत नाही, आणि बनवली तरी गाव सोडून काही वर्षं मलेरिया नसलेल्या ठिकाणी राहिलं की उतरत जाते. थायलंडमध्येही जंतू पूर्ण गेले नव्हते, नुसते कमी झाले होते.

निवृत्त_आरोग्यसेविका
तुमचं दोघांचं वाचतेय मघापासनं. बाळांनो, ते सगळं फाल्सिपॅरमचं झालं, त्या पोराला व्हायवॅक्स आहे. व्हायवॅक्सचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात, महिन्यांनी उठतात, आणि झोपलेल्याला अँटिबॉडीचा हात लागत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस. मी गावोगाव रक्ताच्या काचा गोळा करत, टाक्यांत गप्पी मासे सोडत एवढी वर्षं काढली, ताप उतरला की चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणारे घराघरांत असतात, हात जोडून सांगितलं तरी. ताई, काकांना आधी तेवढं विचारा.

मंगळवारपेठकर
एक सांगू का. मागच्या पावसाळ्यात आमच्या कॅम्पवर सगळ्यांची तपासणी झाली, तर दोघं पॉझिटिव्ह आले, ताप न्हाई, अंगदुखी न्हाई, रोज स्लॅबवर कामाला. ताई म्हणतात ती ताकद हीच असंल तर मी मागं घेतो माझं. पण मग ती त्या पोरांनाच वाचवतीया, त्यांना चावलेला डास शेजारच्या गल्लीतल्या आमच्या पोरांना चावला तर आमच्या अंगात काय हाय? आम्हाला ह्याचा घोर जास्त.

पंचगंगा_काठ
दादा, हा मुद्दा खरा आहे. तिथं अँटिबॉडी एकटी नाही, पाणथरीही (प्लीहा) जंतू असलेल्या पेशी गाळत असते, पण आजार न होणं आणि जंतू नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. त्या दोघांना गोळ्या मिळाल्या ना?

मंगळवारपेठकर
मिळाल्या, मीच समोर बसवून खायला लावल्या.

लॅबवाली_राजारामपुरी
मावशी, काकांना फोन केला. घरात स्ट्रिप सापडली, चौदातल्या नऊ गोळ्या तशाच. ताप पाचव्या दिवशी गेला म्हणून पोरानं बंद केल्या. डॉक्टर आता जी६पीडी, म्हणजे प्रायमाक्वीन झेपेल का ते सांगणारी रक्ततपासणी, बघून परत पूर्ण कोर्स देणार आहेत, काकू म्हणाल्या रोज दूध-भाकरीबरोबर मी स्वतः देते. अँटिबॉडीबद्दल माझं मत आहे तेच आहे, पण ह्या पोराचं दुखणं तिच्या हद्दीतलं नव्हतं हे मावशींमुळं लक्षात आलं.